झाड न तोडलेलं लाकूड



गेल्या महिन्यात आमच्या बस्तीच्या महिला मंडळाची बैठक झाली. विषय एकच, स्वाध्याय हॉलचं नूतनीकरण. हॉलला जुनी सागवानी तक्तपोशी आहे आणि भिंतीला चार शास्त्रकपाटं. कमिटीचं म्हणणं असं की हे सगळं काळं पडलंय, तर काढून टाकावं. वर लाकडी रेषांचे पीव्हीसी पॅनेल लावावेत, खाली सनमायकाची कपाटं करावीत आणि खर्चाचा तिसरा हिस्सा महिला मंडळाने उचलावा.

ठेकेदाराचा माणूस कॅटलॉग घेऊन आला होता. पानं उलटत म्हणाला, "ताई, दिसायला अस्सल सागवान, पण एकही झाड तोडलेलं नाही. तुमच्या धर्मात बसणारा माल आहे." सगळ्यांच्या माना डोलल्या. कुणीतरी लगेच नावही ठेवलं, 'अहिंसक फर्निचर'. पाच मिनिटांत ठराव मंजूर व्हायच्या बेताला आला.

मी त्या दिवशी गप्प बसले. त्याचं कारण असं की हेच वाक्य २०११ साली मी स्वतः माझ्या मुलाला ऐकवलं होतं. आज त्या वाक्याविरुद्ध लिहायला बसले आहे, तर आधी माझाच हिशेब मांडते.

माझ्या सासऱ्यांनी १९५८ साली एकाच सागाच्या ओंडक्यातून दोन कपाटं करून घेतली होती. एक पुढे थोरल्या जाऊबाईंकडे गेलं, एक माझ्याकडे आलं. मामंजींच्या रोजमेळात त्याची नोंद आहे, दोन्ही मिळून ३६० रुपये, सुताराच्या मजुरीसकट. २०११ मध्ये आम्ही घराचं काम काढलं, तेव्हा मी हट्ट धरला की स्वयंपाकघर नवं तर सगळं नवं. मुलगा म्हणाला, "आई, ते कपाट राहू दे." मी म्हटलं, "काळं ढूस झालंय, जागा अडवतंय, आणि आता लाकूड न तोडता तसंच्या तसं मिळतं." कपाट जुन्या सामानवाल्याला ६ हजारांना दिलं. नवीन ओटा आणि दोन खोल्यांची कपाटं यांचे २ लाख ८५ हजार झाले.

दुकानात रंग निवडायला बसले तेव्हाची गोष्ट सांगते. टेबलावर तळहाताएवढ्या तुकड्यांची थप्पी होती. पांढरा, पिस्ता, राखाडी, सगळे बाजूला सारून माझा हात एका तुकड्यावर थांबला. पिवळसर तपकिरी, लांबट रेषा, मध्ये एक गाठ. म्हटलं, हाच. घरी कामाला सुरुवात झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तो रंग आणि त्या रेषा अगदी सासूबाईंच्या कपाटासारख्या होत्या. खरं कपाट सहा हजारांना विकून मी त्याच्या फोटोवर पावणेतीन लाखांच्या वर घातले होते. आणि फोटोच तो! काही दिवसांनी ओट्याशी उभी असताना मला दिसलं की एका दारावर जी गाठ आहे, तीच गाठ, तिथेच, पुढच्या दारावर आहे, आणि त्याच्याही पुढच्या दारावर आहे. झाडाला कधी तीन ठिकाणी एकसारखी गाठ येत नाही.

मग आला ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या तळमजल्यात पाच दिवस पाणी होतं. पाणी ओसरल्यावर घरात शिरलो, तेव्हा ओट्याखालची दारं पुरणपोळीसारखी फुगली होती. सनमायकाचा ताव सुटून लोंबत होता आणि आतला बोर्ड हाताने चुरला तर भुसा होत होता. सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून कचऱ्यात गेलं. जाऊबाईंचं घर पुढच्याच गल्लीत. त्यांचं कपाटही पाच दिवस पाण्यात होतं. त्यांनी गाळ धुतला, महिनाभर सावलीत वाळवलं, सुताराकडून दारांना रंधा मारून घेतला, वर पॉलिश केलं. खालची फळी थोडी वाकली आहे आणि पावसाळ्यात दार अजून अडतं. पण ते कपाट आजही उभं आहे, त्यात त्यांच्या नातीचे कपडे आहेत.

मी बी.कॉम. आहे, घसारा कसा काढतात ते अजून विसरलेले नाही. २ लाख ८५ हजार भागिले आठ वर्षं, म्हणजे वर्षाला ३५ हजार ६२५ रुपये, आणि शेवटी भंगाराची किंमत शून्य. सासूबाईंच्या कपाटाचे १८० रुपये त्रेपन्न वर्षांत विभागले तर वर्षाला साडेतीन रुपयेही होत नाहीत. महागाई कितीही धरा. शिवाय ते विकताना ६ हजार आले होते.

पण पैशाचं जाऊ द्या. पूर रोज येत नाही, असंही कुणी म्हणेल. माझा खरा राग आहे तो त्या 'एकही झाड तोडलेलं नाही' या वाक्यावर. ते खोटं आहे. कसं ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीही विचारू शकाल.

सनमायका हे मुळात एका कंपनीचं नाव, आता आपण सगळ्याच तावांना तेच म्हणतो. तो एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा ताव कशाचा असतो? कागदाचा. खाली जाड तपकिरी कागदाचे थर, डिंकासारख्या रसायनात भिजवलेले. त्यावर एक छापील कागद, ज्यावर लाकडाच्या रेषांचं चित्र असतं. वर एक पारदर्शक थर. हे सगळं उष्णतेत प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. आणि कागद होतो लाकडाच्या लगद्याचा. ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत १९१२ साली दोन इंजिनियरांनी विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरायला असा ताव शोधला. अभ्रकाला इंग्रजीत मायका म्हणतात. 'मायकाऐवजी' म्हणून त्याचं नाव पडलं फॉर्मायका. म्हणजे मूळचं नावसुद्धा बदली कामगाराचंच!

आता तावाखाली काय असतं ते बघा. प्लाय असेल तर झाडाचं खोड पेन्सिल सोलावी तसं सोलून काढलेले पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. एमडीएफ असेल तर लाकडाचा तंतू तंतू करून दाबलेला. पार्टिकल बोर्ड असेल तर लाकडाच्या ढलप्या आणि भुसा. काही कारखाने उसाच्या चिपाडापासूनही बोर्ड करतात, ते मला मान्य आहे, आणि आपल्या ऊसपट्ट्यात त्याचं कौतुकही असावं. पण आमच्या कॅटलॉगमधला माल तो नव्हता. मी फोन करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "आत वुडच आहे ना, मॅडम."

न्यायाने बोलायचं तर हेही सांगते की आपल्याकडचं बरंचसं प्लायचं लाकूड जंगलातलं नसतं. हरियाणात यमुनानगरकडे पॉप्लर आणि निलगिरीची झाडं शेतकरी शेतात लावतात, काही वर्षांनी तोडतात, ती या कारखान्यांत जातात. जंगल तोडण्यापेक्षा हे पुष्कळ बरं. पण 'शेतातलं झाड तोडलं' आणि 'झाड तोडलंच नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शेतातलं झाड काय जीव नाही? वनस्पतिकाय एकेंद्रिय जीव हे आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. तिथे जंगलातला एकेंद्रिय आणि शेतातला एकेंद्रिय असा भेद नव्हता.

आणि पॅनेल? ते पीव्हीसीचे, त्यात झाड नाही हे खरं. ते प्लॅस्टिक आहे. जळलं तर त्याचा धूर विषारी असतो. ज्या हॉलमध्ये आरतीचे दिवे फिरतात, त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकचं छत लावायचं आणि त्याला धर्मात बसणारा माल म्हणायचं, हे मला पटत नाही.

माझ्या मोबाइलवर या विषयावर मैत्रिणींशी बरंच बोलणं झालं. त्यांचे तीन मुद्दे होते, तिघींचेही विचार करण्यासारखे.

पहिली म्हणाली, "सगळ्यांना सागवान परवडतं का?" नाही परवडत. मी कुणाला सागवान घ्या म्हणत नाही. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत वनकर्म आहे. सागाची मागणी वाढवून मला पुण्य लागणार नाही. दोन खोल्यांच्या घरात नव्या सुनेने सनमायकाचं कपाट करून घेतलं तर त्यात चुकीचं काही नाही. माझं म्हणणं एवढंच की जे घरात आधीच आहे, ज्याचं झाड आपल्या आजेसासऱ्यांच्या काळातच तोडलं गेलं, ते काढून नवीन आणणं ही दया नव्हे. त्यात जुनं झाड फुकट गेलं आणि नवं झाड कापलं गेलं. हिंसा दोनदा.

दुसरी म्हणाली, "सनमायका पुसायला सोपं. जुन्या लाकडाच्या फटींत किडे होतात, मग औषध मारावं लागतं. त्रस जीवांची हिंसा नाही का?" हा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटला. खरंच, गुळगुळीत पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसता येतो, ओट्याच्या वरच्या बाजूला तो मला आजही हवा. पण आतून बघा. बोर्डाच्या कडा जिथे झाकलेल्या नसतात, सिंकखाली जिथे ओल धरते, तिथे झुरळांनी माझ्याकडे संसार थाटला होता, आणि पुराच्या आधी तीन वर्षं मी दर सहा महिन्यांनी औषध मारून घेत होते. वाळवी तर बोर्डालाही लागते. कीड होऊ न देणं हे झाडलोट आणि कोरडेपणा यांवर आहे, यत्नाचारावर आहे. सासूबाई वर्षातून दोनदा कपाट रिकामं करून उन्हं दाखवायच्या. आम्ही ते सोडलं आणि दोष लाकडाला दिला.

तिसरी माझी वर्गमैत्रीण, कलेची आवड असलेली. ती म्हणाली, "नक्कल वाईट कशी? वेरूळला बघितलं नाहीस का?" बघितलंय की! जैन लेण्यांच्या दर्शनाला, तीस ते चौतीस क्रमांकाच्या, आपण सगळ्याच जातो. परतताना दहा क्रमांकाचं बौद्ध लेणं बघा, त्याला लोक सुतार की झोपडी म्हणतात. छताला लाकडी वासे असावेत तशा फासळ्या आहेत, आणि त्या सगळ्या दगडातून कोरलेल्या. म्हणजे लाकडाची नक्कल आपल्या मातीत तेराशे वर्षांपूर्वीपासून आहे. लाकडाच्या रेषा मनाला का ओढतात, त्याचं उत्तरही तिथेच आहे. माणूस आधी लाकडाच्या घरात राहिला. लाकूड म्हणजे घर, हे डोक्यात बसलेलं आहे. दगडात गेला तरी त्याने वासे बरोबर नेले. मीही दुकानात तेच केलं.

म्हणून नक्कल हे पाप असं मी म्हणत नाही. पण वेरूळच्या कारागिराने लाकडापेक्षा टिकणाऱ्या गोष्टीत लाकूड कोरलं. आपण लाकडापेक्षा आधी मरणाऱ्या गोष्टीवर लाकूड छापतो. आणि अस्सलाची ताकद बघायची असेल तर लोणावळ्याजवळ कार्ल्याला जा. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून जागेवर. दूर कशाला, आपलंच उदाहरण आहे. गुजरातमधल्या पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा कोरीव लाकडी मंडप आज कुठे आहे? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, १९१६ पासून. तिथे लोक तिकीट काढून मान वर करून बघतात. आपलं लाकूड आपल्याला नकोसं झालं की त्याची किंमत परक्यांनी करावी, ही आपली रीत दिसते.

तर मग सनमायका म्हणजे मायाचार का? मागे एका प्रवचनात, उत्तम आर्जवाच्या दिवशी, कुणी असं उदाहरण दिल्याचं आठवतं. मला ते पटलं नव्हतं. माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येकीला कळतं की ते सनमायका आहे, कुणी फसत नाही. जे उघड आहे त्यात कपट कुठलं? मायाचार आहे तो 'एकही झाड तोडलेलं नाही' म्हणण्यात. तत्त्वार्थसूत्रात माया हे तिर्यंच गतीचं कारण सांगितलंय. विकणाऱ्याने माल खपवायला म्हटलं, ते त्याचं. आपण ते ऐकून मान डोलावतो, कारण आपल्याला नवं हवंच असतं आणि त्यावर धर्माचा शिक्काही हवा असतो. ही माया आपली.

बस्तीत षट्लेश्येचं चित्र आहे, लहानपणापासून बघतो. फळांनी लगडलेलं झाड आणि सहा माणसं. कृष्ण लेश्येचा मुळापासून तोडू म्हणतो, दुसरा खोड, तिसरा मोठ्या फांद्या, चौथा डहाळ्या, पाचवा फक्त फळं, आणि शुक्ल लेश्येचा म्हणतो, खाली पडलेली वेचू. या चित्रात 'मी झाडाला हातच लावत नाही' म्हणणारा सातवा कुणी नाही. भूक प्रत्येकाला आहे. प्रश्न किती घेणार हा आहे. आमच्या हॉलची तक्तपोशी म्हणजे खाली पडलेलं फळ आहे, आपल्या पूर्वजांनी ठेवलेलं. ते फेकून आपण कुऱ्हाड घेऊन निघालोय आणि स्वतःला शुक्ल लेश्येचे म्हणवतोय.

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यातला एक प्रमादचर्या. गरज नसताना माती खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं. आपण स्वाध्यायात हे वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर उगाच पानं खुडणारं पोर येतं. रंग जुना झाला म्हणून दर दहा वर्षांनी घरातली कपाटं बदलणाऱ्या आपण डोळ्यांसमोर येत नाही. दसलक्षणात उपवास करतो, कंदमुळं सोडतो, आणि परिग्रह परिमाणाच्या वहीत कपाटांची संख्या लिहायची राहून जाते. माझीही राहिली होती. गेल्या वर्षी लिहिली, पाच. त्यातलं एक पुरानंतर जुन्या दारांच्या फळ्यांतून केलेलं आहे.

ज्यांना नवं करावंच लागणार आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगते. आत काय आहे ते बिलावर लिहून घ्या. ओल्या जागेला आयएस ७१० छापलेलं मरीन प्लाय घ्या, पार्टिकल बोर्ड नको. कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी लागलीय का ते हाताने चाचपा. नव्या कपाटाचा वास नाकाला झोंबत असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल, तर तो बहुधा चिकटवायच्या रसायनातल्या फॉर्माल्डिहाइडचा असतो. कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २००४ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवलंय. म्हणून कमी उत्सर्जनाचा माल मागा, काही दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि लहान मुलाच्या खोलीत लगेच झोपू नका. जुनं लाकूड विकण्याआधी एकदा सुताराला घरी बोलवा. सामानवाल्याला बोलवायला नंतरही वेळ असतो.

आता हॉलविषयी. येत्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, चांगल्या सुताराकडून तक्तपोशीची तपासणी करून घ्यावी. जितक्या फळ्या कुजल्या असतील तितक्याच बदलाव्यात, बाकीच्या घासून पॉलिश कराव्यात. याचं आणि पॅनेलचं अशी दोन अंदाजपत्रकं शेजारी शेजारी ठेवावीत, दोन्हींत दहा वर्षांनंतरचा खर्च धरून. दोन, शास्त्रकपाटं हलवायची नाहीत. आपले ग्रंथ त्यात इतकी वर्षं सुरक्षित राहिले, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कोणता कॅटलॉग देणार? तीन, इतिवृत्तात 'अहिंसक फर्निचर' असा शब्द लिहायचा नाही. पॅनेलच लावायचे ठरले तर 'प्लॅस्टिकचे पॅनेल' असं लिहावं. बहुमत विरुद्ध गेलं तर माझा वाटा मी तरीही देईन, बस्ती माझीही आहे. पण त्या शब्दाखाली माझी सही होणार नाही.

बैठकीला जाण्याआधी तुमच्यापैकी ज्या आमच्या गावच्या आहेत, त्यांनी एकदा हॉलमध्ये जाऊन वर बघा. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येतं, तेव्हा काळं वाटणारं ते लाकूड लालसर दिसतं. तिथल्या दोन गाठी एकसारख्या सापडल्या तर मला सांगा.

जय जिनेंद्र.